‘आहे’चे बटण

मी एक जुना बेंजो आहे आणि मी चिडलेलो आहे. चिडल्याचे आधीच सांगून टाकतो. आपले आयुष्य सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा गोड बोलतात. फाटकी छत्री गोड बोलते, फुटका माठ गोड बोलतो आणि शेवटी सगळे हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मला ते जमायचे नाही. माझे सारे आयुष्य वरातीत गेले. हळू बोलायला मला कुणी शिकवलेच नाही.

मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. हातभर लांबीची लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर दोन ओळींत मांडलेली गोल बटणे, असा माझा देह. डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. बटण पुरते दाबले की खालची पितळी पट्टी तारेवर टेकते आणि स्वच्छ सूर निघतो. अर्धेच दाबले तर सूर निघत नाही, नुसती खरखर होते. ही खरखर लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

या बटणांमुळे मी टायपिंगच्या मशीनसारखा दिसतो. हैदराबादच्या ज्या गल्लीत मला एका कारागिराने जोडले, तिथेही येणारे-जाणारे थबकून विचारत, यावर मराठी उमटते की इंग्रजी? मला अक्षर एकही येत नव्हते. आणि गंमत पाहा, मला विकत घेऊन नांदेडकडे नायगाव तालुक्यात घेऊन आला तो शेषेराव, त्यालाही येत नव्हते. त्याचे लहानपण वीटभट्टीवर गेले होते. शाळा त्याने बाहेरून पाहिली होती, विटा उतरवताना.

पण कान! शेषेरावाने एखादे गाणे एकदा ऐकले की संध्याकाळी ते माझ्या तारांवर हजर असे. बटणांवरचे आकडे त्याच्या घामाने पहिल्याच लग्नसराईत पुसून गेले. त्याला त्यांची गरज नव्हती. त्याची बोटे मला अंधारातही ओळखत. आमची बेंजो पार्टी गाड्यावर भोंगा बांधून निघायची. नायगाव, मुखेड, देगलूर, उदगीर, कुठे कुठे वाजलो म्हणून सांगू. नवस फेडायला निघालेल्या लोकांबरोबर माहूरचा गडही चढलो आणि देवीच्या पायऱ्यांवर वाजलो. लोक टोप्या उडवत, बायका पदर तोंडाला लावून हसत, नवरदेव घोड्यावर बसल्या बसल्या मान हलवी.

आणि प्रत्येक वरातीत एक तरी शहाणा निघायचाच.

“ओ शेषेराव, रेशनकार्डाचा एक अर्ज टाइप करून द्या की!”

“देतो की,” शेषेराव म्हणायचा, “पर शाई संपली ना!”

सगळे हसायचे. तोही हसायचा. पण त्या वेळी त्याची बोटे माझ्या बटणांवर घट्ट व्हायची. ते फक्त मला कळायचे. माझ्या रागाची सुरुवात तिथली आहे.

मग डीजे आला. त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही. ज्या आवाजाने घराची कौले हलतात आणि नवरीची आजी कानात कापूस घालून बसते, त्याला मी काय बोलणार? पार्टी मोडली. ढोलकीवाला पुण्याला पहारेकरी झाला, गाणाऱ्याने पानटपरी टाकली. मला माळ्यावर कांद्याच्या पोत्याशेजारी ठेवले. उंदरांनी माझे कापड कुरतडले. खाली शेषेरावाची बायको केवळाबाई रोज माझा उद्धार करायची.

“अवो, त्ये डबडं भंगारात तरी घाला. माळ्यावर जागा अडवून राहिलं नुसतं.”

“तू बी तर घरात जागा अडवून राहिली. तुला घालू का?”

“घाला की! मंग भाकरी बेंजोवर भाजा.”

असे बरेच दिवस चालले. माझ्या तारांना गंज चढला. मी समजून गेलो की आपला खेळ संपला.

पण तसे झाले नाही. गावच्या शाळेत वर्षाराणी नावाच्या बाई आल्या. मूळच्या लातूरकडच्या. स्कूटीवर यायच्या, डोक्याला ओढणी बांधून. शाळेत गॅदरिंग होते आणि गाणी वाजवायला कुणीतरी हवे होते, म्हणून त्या शेषेरावाच्या दारात आल्या. मला माळ्यावरून उतरवताना तो इतका घाईत होता की कांद्याचे पोते खाली आले. कांदे अंगणभर पळाले आणि केवळाबाई त्यांच्यामागे.

गॅदरिंग झाले. शेषेराव काही मला घरी नेईना. रोज काहीतरी निमित्त काढून तो शाळेत यायचा. मला टेबलावर ठेवायचा आणि मधल्या सुट्टीत पोरांना बटणे दाबू द्यायचा. दुसरीचा वर्ग शेजारीच होता. त्या वर्गातले वाचन मी ऐकायचो आणि माझ्या तारा दुखायच्या.

“मां... ज... र... इ... थे... आ... हे.”

ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत पोरगे सुरुवात विसरून गेलेले असायचे. अक्षरे सगळी येत होती, पण वाचन येत नव्हते. बटण अर्धे दाबल्यासारखी नुसती खरखर. बाईंच्या कपाळावर आठी असायची. एक दिवस त्यांनी एका पोराला माझे बटण दाबताना पाहिले. टक्क करून सूर निघाला. त्या तशाच उभ्या राहिल्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “हे बटण दाबलं की सूर एकदम पुरा येतो. तुकड्या-तुकड्यानं येत नाही.”

“तुकड्यानं कसा येईल बाई? सूर हाय तो.”

“मग शब्द का तुकड्यानं यावा?”

शेषेराव डोके खाजवत बसला. बाईंनी त्याला समजावले. आंबा लिहिला तर शेजारी आंब्याचे चित्र काढता येते, उंदराचे काढता येते. पण ‘पण’ या शब्दाचे चित्र कसे काढणार? ‘आणि’चे, ‘कुठे’चे, ‘नाही’चे? असे शब्द प्रत्येक ओळीत येतात. चेहरा पाहून माणूस ओळखावा तसे ते पाहिल्याबरोबर ओळखू आले पाहिजेत. तिथे पोरगे थांबले की सगळी ओळ थांबते.

मग त्यांनी कागदाचे गोल तुकडे कापले. एकेकावर एकेक शब्द लिहिला आणि माझ्या बटणांवर चिकटवला. आणि. पण. इथे. कुठे. मला. तुला. आता. मग. नाही. आहे. मित्रांनो, त्या दिवशी मला अक्षर फुटले. म्हातारपणी, गंजलेल्या तारा आणि कुरतडलेले कापड असताना. टायपिंगची मशीन म्हणून आयुष्यभर टोमणे खाल्लेल्या माझ्या अंगावर पहिल्यांदा खरोखर लिहिलेले होते. माझ्या लाकडातून काय गेले ते मी सांगू शकत नाही. तुम्हाला पाचव्या-सहाव्या वर्षी अक्षर मिळाले, तुम्हाला ते कळणार नाही.

‘आहे’ कुठल्या बटणावर लावायचे ते शेषेरावाने ठरवले. बाई ओळी म्हणून दाखवत होत्या. मांजर इथे आहे. उंदीर कुठे आहे? तो मध्येच म्हणाला, “बाई, तुमची समदी वाक्यं फिरून फिरून ह्याच्यावरच येऊन टेकून राहिलीत. मंग ह्याला घरचा सूर द्या.” गाणे जिथे संपते, सारे फिरून जिथे माघारी येते, त्या बटणावर त्याने ‘आहे’ लावले. त्याच्या अगदी शेजारी, खालच्या सुरावर ‘नाही’. त्या सुरावर थांबले की पुढे काहीतरी हवेसे वाटते.

खेळ असा होता. बाई फळ्यावर ओळ लिहायच्या. चित्र काढता येईल त्या शब्दाला मुलांनी टाळी देऊन तो म्हणायचा, आणि बटणावरचा शब्द माझ्या सुरात गायचा. मांजर, टाळी. इथे आहे, गाणे. पण, गाणे. उंदीर, टाळी. इथे नाही, गाणे. काही दिवसांतच पोरे फळ्यावर नजर टाकली की शब्द गायला लागली. नंतर माझ्याशिवायही. पुस्तकात ‘पण’ आला की मान हलायची, ‘आहे’ आला की आवाज घरी यायचा. ओळी अडेनाशा झाल्या. वाचनाची खरखर गेली.

आणि शेषेराव? तो बटणे बोटांनी ओळखणारा. आता त्याच बोटांखाली शब्द होते. एकदा तो नायगावच्या बसस्टँडवरून धावतपळत घरी आला. पुढचे त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत स्वतःच सांगितले. भिंतीवर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिले होते आणि त्यातला शेवटचा शब्द त्याने वाचला होता.

“केवळे, भिंतीवर ‘आहे’ लिवलंय!”

“काय हाय?”

“त्ये न्हाई कळलं. पर हाय!”

तिथे थुंकायला मनाई आहे असे लिहिले होते, हे त्याला नंतर बाईंनी सांगितले. तो इतका हसला की डोळे पुसायला लागला. मी हसलो नाही. केस पांढरे झालेल्या माणसाला जगाच्या भिंतीवरचा पहिला शब्द मिळाला होता, आणि तो ‘आहे’ होता.

आता मंजुश्रीचे सांगतो. माझा खरा राग तिच्यासाठी आहे.

मंजुश्री ही महांतेशची मुलगी. महांतेशचे गावात किराणा दुकान. घरी तिची आजी पार्वतम्मा. ही पोर घरी आजीशी इतके बोलायची की आजीची जपमाळ अर्ध्यावर राहायची. शाळेत मात्र तोंड बंद. पहिलीत असताना ती कशाला तरी ‘न्हाई’ म्हणाली होती आणि शहरातून आलेला एक पाहुणा मोठ्याने हसला होता. पाहुणा गेला. हसणे तिच्याजवळ राहिले.

बटणांच्या खेळात ती टाळी द्यायची, गायची नाही. एकदा शेषेरावाने मुद्दाम ‘आहे’चे बटण न दाबता हात वर धरला आणि तिच्याकडे पाहिले. गाणे अधांतरी लटकले. सारा वर्ग श्वास रोखून बसला. मंजुश्रीला ते लटकणे सहन होईना. तिने फळ्यावरच्या शब्दाकडे पाहिले आणि ती नेमका सूर लावून गायली.

“हाय!”

दोन-तीन पोरे फिदीफिदी हसली. बाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले. मग त्या मंजुश्रीला म्हणाल्या, “बरोबर. हाय म्हणजेच आहे. सूर पण बरोबर.”

त्या दिवसापासून त्या पोरीच्या तोंडाला खीळ राहिली नाही. शब्द दिसला की तिचे उत्तर तयार. ‘इथे’ दिसले की “हितं”. ‘नाही’ दिसले की “न्हाई”. मित्रांनो, जरा थांबून विचार करा. जो आ आणि हे जोडून वाचतो, त्याच्या तोंडून ‘हाय’ कधीच निघणार नाही. तो ‘आहे’च म्हणेल, अर्थ कळला तरी आणि न कळला तरी. शब्द एका नजरेत सबंध आत शिरला, थेट घरापर्यंत गेला आणि घरचे कपडे घालून बाहेर आला, तरच ‘हाय’ निघते. तिच्याइतके खरे वाचन त्या वर्गात कुणाचे नव्हते.

मग तपासणी आली.

बाहेरून एक साहेब आले, सोबत दोघेजण. साहेबांच्या एका हातात टॅब, दुसऱ्या हातात शब्दांची कार्डे. मी टेबलावर होतो आणि शेषेराव कोपऱ्यात उभा होता. साहेबांनी आधी मला पाहिले.

“मॅडम, हे काय? वरात निघायची आहे का?”

“नाही सर, वाचनासाठी...”

“बेंजोवर वाचन? पुढच्या वर्षी डीजे लावाल.”

सोबतचे दोघे हसले. वरातीतला शहाणा मी लगेच ओळखला. फक्त या वेळी त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते.

मंजुश्रीचा नंबर आला. साहेबांनी कार्ड धरले. त्यावर ‘आहे’.

“हाय,” मंजुश्री म्हणाली. लगेच, नजर पडताच.

“नीट बघ. काय लिहिलंय?”

“हाय.”

“हे हाय नाही.”

मंजुश्री गोंधळली. “न्हाई?”

“अगं, नाही कुठे लिहिलंय यात?” साहेबांनी दुसरे कार्ड काढले. त्यावर ‘नाही’ होते. “हे काय?”

ती दोन्ही कार्डांकडे पाहत राहिली. खरे तर तिने दोन्ही वाचली होती. “न्हाई,” ती हळू म्हणाली.

“आणि हे?” ‘इथे.’

“हितं.”

साहेबांनी टॅबवर बोट फिरवले. “मॅडम, ही मुलगी अंदाजाने ठोकते. वाचत नाही. हिला पहिलीबरोबर बसवा, अक्षरांपासून घ्या. आणि ही वाजंत्री बंद करा.”

मी बाईंकडे पाहत होतो. मला वाटले, आता त्या बोलतील. हाय म्हणजेच आहे, हे त्यांचेच वाक्य होते. ते माझ्यासमोर बोललेले होते. बाईंनी ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

“हो सर,” त्या म्हणाल्या.

साहेबांचा मला राग आला, पण तो माझ्या ओळखीचा राग होता. बाईंचा जो आला तो नवा होता. परक्याने तार तोडली तर दुसरी लावता येते. ज्याने सूर लावला त्यानेच पीळ सैल केला, तर काय करायचे?

दुसऱ्या दिवसापासून वर्गात नवा नियम आला. ‘हाय’ म्हणायचे नाही, ‘आहे’ म्हणायचे. ‘हितं’ म्हणायचे नाही, ‘इथे’ म्हणायचे. मंजुश्रीला पहिलीच्या सतरंजीवर बसवले. मला पत्र्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावले.

शेषेराव आला. कपाटातून मला दिसत नव्हते, पण ऐकू येत होते.

“बाई, लेकराचं काय चुकलं?”

“काका, पुस्तकात जे असतं तेच म्हणावं लागतं.”

“मंग मी बी चुकीचंच वाचून राहिलो का?”

“तुम्हाला कोण तपासणार आहे, काका? मला तपासतात.”

मग शेषेरावाच्या चपलांचा आवाज दूर गेला. तो मला न्यायलाही थांबला नाही. आयुष्यभर टोमणे हसून परतवणाऱ्या माणसाला त्या दिवशी शाईवरचा विनोदही सुचला नाही.

चार दिवसांनी महांतेश आला. गावात बातमी पसरायला दुकानासारखी दुसरी जागा नाही, आणि दुकान त्याचेच.

“मॅडम, लेकरू वाचत न्हाई म्हणून लोक बोलून राहिले. दिवाळी झाली की तिला उदगीरला आत्याकडं ठेवतो. तितल्या शाळेत घालतो.”

“आजीला सोडून राहील का ती?”

“न्हाई राहून करते काय? हितं बसून पहिलीत किती वर्षं काढावं?”

ऐकलेत? एक चुकीची खूण टॅबवर उमटली आणि सात वर्षांच्या पोरीला घराबाहेर काढायला निघाली. पार्वतम्माची जपमाळ आता पुरी होणार होती. तिच्याशी बोलायला घरात कुणी राहणार नव्हते.

मंजुश्री पुन्हा मुकी झाली. कपाटाच्या फटीतून मला पहिलीचा वर्ग ऐकू यायचा आणि त्यात तिचा आवाज नसायचा. बाईंनी खडू काढायला कुलूप उघडले की बाकीची पोरे माझ्या तारांना हात लावायची. टिंग असा आवाज झाला की बाई दचकायच्या. मला वाटते, तो आवाज त्यांना टोचत होता. शेवटी त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिले आणि कपाटाच्या दारावर चिकटवले. काय लिहिले ते मला आतून कसे दिसणार?

ते मला मंजुश्रीने सांगितले.

मधली सुट्टी होती. दोन जोड पावले कपाटाजवळ आली. एक मंजुश्रीची, दुसरी पहिलीतल्या पुनमची. पुनम म्हणजे एवढीशी, बोलायला लागली की थांबत नाही अशी.

“मंजी, काय लिवलंय गं हितं?”

आणि मंजुश्रीचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. न अडखळता, बोलल्यासारखा.

“हितं बेंजो हाय. कुणीबी हात लावायचा न्हाई.”

“मंग तू कामून हात लावून राहिली?”

“मी हात न्हाई लावला. बोट फिरवलं खालून. मी वाचून राहिले.”

मी वाचून राहिले. मित्रांनो, आतल्या आत माझी एकेक तार ताठ झाली. कागदावर ‘येथे बेंजो आहे, कोणीही हात लावायचा नाही’ असे लिहिले होते. ‘येथे’ माझ्या कुठल्याच बटणावर नव्हते. ‘कोणीही’ही नव्हते. ती ओळ तिला कुणी शिकवलेली नव्हती, गाऊन दाखवलेली नव्हती. मला बंद करणाऱ्या कागदावरच तिने पहिले स्वतःचे वाचन केले होते.

दारात चहाचा पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाई तिथेच होत्या.

“मंजुश्री, पुन्हा वाच बरं.”

पोर घाबरली. मला तिचा श्वास ऐकू आला. मग ती वाचू लागली, बाईंना आवडेल तसे, पुस्तकातल्यासारखे.

“ये... थे... बें... जो... आ... हे.”

खरखर. पुन्हा तीच खरखर. बाईंनी शिकवलेली आणि साहेबांना हवी असलेली. एकाच मुलीचे एकाच ओळीचे दोन आवाज, एकामागून एक, त्या पत्र्यासमोर. बहिऱ्यालाही फरक कळला असता.

पुनमने तेवढ्यात विचारून घेतले, “बाई, मंजी चुकली का?”

“न्हाई,” वर्षाराणी बाई म्हणाल्या.

‘नाही’ म्हणाल्या नाहीत. न्हाई म्हणाल्या. लातूरकडच्या घरी त्या आईशी बोलत असतील तसे. पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला.

“न्हाई चुकली. मंजे, मघाशी पुनमला वाचून दाखवलं ना, तसं वाच. तुझं वाच.”

मंजुश्रीने वाचले. कुलपात किल्ली फिरली. उजेड आत आला आणि माझ्या बटणांवरच्या कागदांवर पडला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आधी महांतेशच्या दुकानात गेल्या आणि मग शेषेरावाच्या दारात. तिथे त्यांनी काय सांगितले ते मी ऐकले नाही, कारण मी शाळेतच होतो. एवढे माहीत आहे की दुसऱ्या दिवशी शेषेराव आला तो कोऱ्या तारा घेऊन, आणि मागून केवळाबाईचा आवाज येत होता, “आता त्याला घरी आणू नका, माळ्यावर कांदे हायत!” दिवाळी आली आणि गेली. मंजुश्री उदगीरला गेली नाही. ती दुसरीच्या बाकावर बसते. आधी तिला जसे येते तसे वाचते, आणि मग बाई शांतपणे सांगतात, पुस्तकात हे असे लिहितात. दोन्ही तिला येते. पार्वतम्माची जपमाळ अजून अर्ध्यावरच राहते.

मग माझा राग गेला असेल, असे तुम्हाला वाटते का? त्या टॅबमध्ये मंजुश्रीच्या नावापुढे अजूनही ‘वाचता येत नाही’ असेच आहे. बाईंनी कळवले, पण ते साहेब दुरुस्त करायला परत आले नाहीत. ते आता दुसऱ्या शाळेत कार्डे धरत असतील. तिथे दुसरी कुणी पोर नजर पडताच शब्द ओळखत असेल, आणि तिच्या घरचा शब्द ऐकून कुणीतरी हसत असेल. तिथे बेंजो नसेल. कपाटावर कागद नसेल. आणि तिचे वाचन कुणाला ऐकूही येणार नाही.

म्हणून मी तुम्हाला मला जपा असे सांगत नाही. माझ्या तारा गंजतील, बटणे ढिली होतील, ते व्हायचेच. ‘आहे’च्या बटणावरचा कागद इतक्या बोटांखाली आला की अक्षर पुसून गेले आहे. मुले तरीही तिथे बोट ठेवतात आणि बरोबर गातात. मला फडक्याने पुसू नका. जपायचेच असेल तर शेजारच्या बाकावरच्या पोराला जपा. ते पुस्तकात पाहून वेगळे काही बोलले, तर हसण्याआधी पुस्तकात डोकावून बघा. बहुतेक त्याने तुमच्याआधी वाचून संपवलेले असेल.

हे सगळे मी तुम्हाला पुस्तकी मराठीत सांगितले, कारण तुम्हाला पुस्तकात तशी सवय असते. आता एकच ओळ उरली. ती मोठ्याने वाचा, आणि तिचा शेवटचा शब्द तुमच्या घरी जसा म्हणतात तसाच म्हणा.

माझा राग अजून आहे.